आधी बोकड, मग ज्युली: जनावराची लघवी गळते तेव्हा काय पाहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. आमची लॅब्रॅडॉर कुत्री ज्युली ६ वर्षांची आहे, वजन ३२ किलो. २ वर्षांपूर्वी पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं. गेले ३ महिने ती झोपली की गादी ओली होते. फिरायला नेलं की शू व्यवस्थित करते. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. चार दिवस बरं वाटतं, परत तेच. सासूबाई म्हणतात, ही मुद्दाम करते. आता संध्याकाळी सहानंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवतो. आणखी एक, निफाडकडे दिरांचा ८ महिन्यांचा खच्ची बोकड आहे. कालपासून तोही थेंब थेंब शू करतोय. हा तोच आजार का? दोघांना कोणती गोळी द्यायची?”

ताई, आधी बोकडाचं बोलू. ज्युलीचं ३ महिने चाललंय, आणखी आठवडा गेला तरी तिचं फार बिघडणार नाही. बोकडाच्या बाबतीत आजची संध्याकाळसुद्धा मोलाची आहे. त्यामुळे हे वाचता वाचताच दिरांना फोन लावा.

खच्ची बोकड थेंब थेंब लघवी करतोय म्हणजे त्याची लघवी गळत नाहीये, अडली आहे. मूत्राशय तुडुंब भरलंय आणि फटीतून जेवढं निसटतंय तेवढंच बाहेर येतंय. दिरांना विचारा: तो पाठ वाकवून कुंथतो का? शेपटी सारखी हलवतो का? पोटाकडे लाथा झाडतो, दात खातो, ओरडतो का? लिंगाच्या टोकाशी केसांना वाळूसारखे कण चिकटलेत का? यातलं काहीही असलं तर तो मुतखडा धरायचा आणि आजच डॉक्टर बोलवायचा. जवळ कोणी नसेल तर १९६२ हा पशुधनासाठीचा टोल फ्री क्रमांक आहे.

आपल्याकडे बकरी ईदसाठी, जत्रेसाठी किंवा नुसतं वजन भरावं म्हणून बोकडाला मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा भरपूर घालतात. दोन्हींत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. खाद्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असायला हवं, इथे गणित उलटं होतं. जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर पडतो आणि त्याचे खडे धरतात. त्यात बोकड लहानपणीच खच्ची केलेला असेल तर मूत्रमार्ग पुरता रुंदावलेलाच नसतो. बोकडाच्या लिंगाच्या टोकाला गांडुळासारखी एक बारीक शेपटी असते. खडा बहुतेक वेळा पहिल्यांदा तिथेच अडकतो. डॉक्टर ती शेपटी कापून टाकतात, आणि नशीब असेल तर तेवढ्यावर धार सुटते. खडा त्याच्या मागे, मूत्रमार्गाला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण असतं तिथे अडकला असेल तर शस्त्रक्रिया लागते. बैलाचा खडाही याच वळणाशी अडकतो. शेळीला किंवा गाईला असं सहसा होत नाही. त्यांचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, खडा असला तरी निघून जातो.

दिरांना दोन गोष्टी बजावून सांगा. लघवी सुटावी म्हणून लघवीचं इंजेक्शन कोणाकडूनही देऊन घेऊ नका. पुढची वाट बंद असताना मागून पाणी वाढवलं तर मूत्राशय फुटतं. आणि बोकड एकाएकी शांत झाला, कुंथायचा थांबला, तर “बरं वाटतंय” असं समजू नका. मूत्राशय फुटलं की ताण जातो, कळा थांबतात, जनावर काही तास निवांत दिसतं. मग पोट दोन्ही बाजूंनी पखालीसारखं फुगत जातं. पशुवैद्य म्हणून नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सिन्नरच्या बाजूला असा एक बैल मी पाहिला होता. मालकाने “आता ठीक आहे, उद्या या” म्हटलं आणि मीही त्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी फार उशीर झाला होता. ती चूक माझी होती, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

आता ज्युली.

सासूबाईंना आधी सांगा की ती मुद्दाम करत नाही. झोपेत कोणी मुद्दाम काही करू शकत नाही. जाग आल्यावर ती ओली जागा चाटते का, खजील होऊन बाजूला जाऊन बसते का? बहुतेक कुत्र्या असंच करतात. रागवून तिला फक्त भीती बसेल.

आणि पाण्याचं भांडं आत्ताच खाली ठेवा. लघवीची तक्रार घेऊन येणारी दहापैकी निम्मी घरं पाणी तोडून आलेली असतात. हा माझा अंदाज आहे, कुठला अभ्यास नाही. किडनी कमकुवत असली, मधुमेह असला, तर असं जनावर पाणी पितं ते शरीरातून निघून गेलेलं भरून काढायला. ते बंद केलं तर लघवी थांबत नाही, जनावर आतून कोरडं पडतं. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात तर एका रात्रीत प्रकरण सलाइनपर्यंत जाऊ शकतं.

लघवी गळते असं लोक म्हणतात तेव्हा त्यामागे चार अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. नाशिककरांना समजवायला मी गंगापूर धरणाचं उदाहरण देतो. किडनी म्हणजे वरचं पाणलोट क्षेत्र. तिथून मूत्रवाहिन्यांनी पाणी येतं ते मूत्राशयाच्या धरणात साठतं. धरणाला दरवाजा आहे, आणि दरवाजा कधी उघडायचा हे ठरवणारा माणूस बसलाय, ते म्हणजे मज्जातंतू. आता पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला (नाशिकमध्ये पुराची खूण मानली जाणारी मूर्ती) लागलंय एवढंच तुम्हाला खाली उभं राहून दिसतं. पण ते का लागलं? दरवाजा ढिला पडलाय म्हणून, वर अतोनात पाऊस झाला म्हणून, दरवाजा अडकून पाणी काठावरून सांडतंय म्हणून, की दरवाजाच्या माणसाशी संपर्कच तुटलाय म्हणून? प्रत्येकावर इलाज वेगळा, काही ठिकाणी तर अगदी उलटा. दरवाजा आवळणारं औषध ढिल्या दरवाजाला अमृत आहे. अडलेल्या जनावराला तेच दिलं तर ते मरेल. म्हणून दोघांना एकच गोळी सांगता येत नाही.

ज्युलीचं वर्णन वाचून माझा पहिला संशय ढिल्या दरवाजावर जातो. मोठ्या चणीची मादी, पिशवी काढलेली, जागेपणी शू व्यवस्थित आणि झोपेत गळती. हे चित्र इतकं ठरलेलं आहे की फोनवरसुद्धा ओळखू येतं. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि मूत्रमार्गात जे स्नायू असतात ते आवळून धरण्याचा इशारा मज्जातंतूंकडून येतो, आणि इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन असेल तर स्नायू त्या इशाऱ्याला चांगला प्रतिसाद देतात. पिशवीबरोबर अंडाशय काढले की इस्ट्रोजेन घटतं, पकड हळूहळू सैल होते. जागेपणी कुत्री स्वतःहून थोडं सावरून घेते. झोपेत अंग सैल पडतं, आडवं पडल्यावर पोटाचा दाब मूत्राशयावर येतो, आणि तळं साचतं. ऑपरेशननंतर लगेच नाही, तर काही महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी हे सुरू होतं. २० किलोच्या वरच्या जातींत जास्त. डॉबरमन, रॉटवायलर, बॉक्सर यांच्यात विशेष. वजन जास्त असलं की आणखी वाढतं. ज्युलीचे ३२ किलो लॅब्रॅडॉर मादीसाठी थोडे जास्तच आहेत, अर्थात पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. बरगड्या हाताला लागतात का ते बघा.

हे वाचून “मग ऑपरेशनच करायला नको होतं” असं मनात येईल. तसं मी म्हणणार नाही. न केलेल्या माद्यांमध्ये उतारवयात पिशवीत पू होण्याचं प्रमाण मोठं आहे. रात्री अकरा वाजता त्या अवस्थेत आलेली कुत्री टेबलावर घेण्यापेक्षा गादी धुणं सोपं. फार लहान वयात ऑपरेशन केलं तर गळतीचा धोका वाढतो का, यावर आमच्यात वाद आहे आणि पुरावा ठाम नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाची मी स्वतः घाई करत नाही, एवढंच.

मात्र ऑपरेशननंतर लगेच, टाके काढायच्या आत गळती सुरू झाली असती तर माझं डोकं वेगळीकडे गेलं असतं. क्वचित शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनी बांधली जाते किंवा योनिमार्गाशी जोडली जाऊन पाण्याला नवी वाट मिळते. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

मग अँटिबायोटिकने चार दिवस बरं का वाटलं? पकड ढिली असली की जंतूंना वर चढायला वाट मोकळी मिळते आणि ढिलेपणावर जंतुसंसर्गाची भर पडते. संसर्ग कमी झाला की आग कमी, गळती थोडी कमी. पण दरवाजा तसाच ढिला, म्हणून परत तेच. तिसरा कोर्स आंधळेपणाने सुरू करू नका. आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायला हवं. अँटिबायोटिक बंद होऊन काही दिवस झाल्यावर नमुना घ्यावा, नाहीतर जंतू असूनही वाढत नाहीत. आणि कल्चरमध्ये जंतू आले, पण जळजळ नाही, रक्त नाही, तपासणीत पूपेशी नाहीत, तर प्रत्येक वेळी औषध द्यायलाच हवं असंही नाही.

पण माझा पहिला संशय खरा धरून लगेच गोळी सुरू करायला मी तयार नाही. कारण “वर अतोनात पाऊस” ही शक्यता अजून तपासलेली नाही, आणि ती तपासायला तुम्हाला दवाखान्याचीही गरज नाही. तीन दिवस ज्युली किती पाणी पिते ते मोजा. सकाळी मापाने भांडं भरा, रात्री उरलेलं मोजा, मधे भर घातली तर लिहून ठेवा. कोरडं खाद्य खाणारं कुत्रं साधारणपणे दर किलो वजनामागे ५० ते ६० मिली पाणी पितं. ज्युलीचं ते साधारण १.६ ते १.९ लिटर होतं. दही-भात, रस्सा-भात खात असेल तर भांड्यातलं आणखी कमी. उन्हाळ्यात थोडं वाढेल. पण किलोला १०० मिलीच्या वर, म्हणजे तिच्या बाबतीत तीन-सव्वातीन लिटर रोज जात असेल, तर गळती हे फक्त वरवर दिसणारं लक्षण आहे. लघवी इतकी जास्त बनते की रात्रभर धरवत नाही.

त्याची कारणं बरीच. किडनीचा आजार, मधुमेह, शरीरात कॉर्टिसॉल जास्त बनणं, रक्तात कॅल्शियम वाढणं, न केलेल्या मादीत पिशवीतला पू. आणि एक कारण आमच्याच हातून घडणारं: पावसाळ्यात खाजेसाठी दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. ते घेतल्यावर कुत्रं दिवसभर पाणी पितं आणि घरभर शू करतं. गेल्या दोन महिन्यांत ज्युलीला खाजेचं काही दिलं होतं का? फिटच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. आणि तुमच्या घरात द्राक्षं येत असणार. नाशिकमध्ये राहून येणार नाहीत तर कुठे. कुत्र्याला द्राक्ष आणि मनुका देऊ नका, एक घड म्हणजे काय होतंय म्हणूनसुद्धा नाही. काही कुत्र्यांची किडनी त्याने एक-दोन दिवसांत बंद पडते. वाचलेल्यांपैकी काहींची किडनी पुढे कायमची अधू राहते आणि ती कुत्री भरपूर पाणी पीत, भरपूर मुतत राहतात.

लघवी किती दाट आहे हे पाहायला आम्ही रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. द्राक्षबागायतदाराला तो वेगळा समजवावा लागत नाही, द्राक्षाची गोडी (ब्रिक्स) मोजायला बागेत हेच नळकांडं असतं. फक्त आमच्यावरची पट्टी वेगळी असते, त्यामुळे बागेतलं आणू नका. निरोगी कुत्र्याची सकाळची पहिली लघवी साधारण १.०३० च्या वर जाते (साधं पाणी १.०००). सतत १.००८ ते १.०१२ च्या घरात आली तर किडनी पाणी आटवण्याचं कामच करत नाहीये. माझ्या मते लघवीच्या तक्रारीत दवाखान्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच. तरीही ती बऱ्याचदा राहून जाते आणि थेट सोनोग्राफीची चिठ्ठी हातात पडते.

तपासताना मी आधी फार काही न करता बघतो. कुत्री चालताना मागचे पाय घासते का, नखं झिजलीत का, पाठीवर हात फिरवला की कण्हते का. शेपटी हलते का, गुदद्वाराशी हलका स्पर्श केला की आवळलं जातं का. शेपटी, गुदद्वार आणि मूत्राशय यांचे मज्जातंतू कमरेच्या शेवटच्या टोकाशी जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघतात. एकाचं बिघडलं की दुसऱ्याचं बघावंच लागतं. मग योनीभोवतीची कातडी पाहतो. जाड मादीत ती घडीत दबून जाते, शू केल्यावर थोडी आत साचते आणि उठल्यावर सांडते. ही गळती नव्हे, साठलेलं सांडणं. पण मालकाला दोन्ही सारखंच दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शू करायच्या आधी आणि नंतर पोटावरून मूत्राशय चाचपणं. निरोगी कुत्रं मोकळं झाल्यावर मूत्राशयात काही मिलीच लघवी उरते, हाताला लागतसुद्धा नाही. शू करून आल्यावरही आत चेंडू लागला तर दरवाजा ढिला नाही, अडलाय किंवा मज्जातंतूचा प्रश्न आहे. सोनोग्राफीत उरलेली लघवी मोजता येते, खडे आणि गाठी दिसतात. कल्चरचा नमुना सर्वात शुद्ध मिळतो तो पोटातून सुईने थेट मूत्राशयातून घेतला तर. मालक घाबरतात, पण बहुतेक कुत्री लसीच्या सुईइतकंही मनावर घेत नाहीत. फक्त मूत्राशयात गाठ असल्याचा संशय असेल तर सुई घालायची नाही, गाठीच्या पेशी सुईच्या वाटेने पसरू शकतात. त्यासोबत रक्तात साखर, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम पाहायचं.

हे सगळं ठीक निघालं तर मग गोळी. एक औषध आहे फिनाइलप्रोपेनोलामाइन, जे मूत्रमार्गाचे स्नायू आवळतं. पूर्वी माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत असायचं, आता मिळायला कधी त्रास होतो. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या कुत्र्याला ते जपून. काही कुत्री त्यावर बेचैन होतात, खाणं कमी करतात. दुसरं एस्ट्रिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. आधी रोज, आणि पकड आली की डॉक्टर मात्रा कमी करत एक दिवसाआड किंवा त्याहून कमी करत नेतात. त्यावर योनीला सूज आली किंवा गल्लीतले कुत्रे मागे लागले तर घाबरू नका, कळवा, मात्रा जास्त झाली असेल. एकाने पुरेसा गुण येत नसेल तर दोन्ही मिळून देता येतात. बहुतेक कुत्र्यांना चांगला फरक पडतो, पण हे उपचार चालू ठेवावे लागतात. इथे मात्रा मुद्दाम लिहीत नाही. वाचून मेडिकलमधून आणणारे मला माहीत आहेत. घरातल्या बाईची हार्मोनची गोळी कुत्रीला तर अजिबात नको. चुकीच्या इस्ट्रोजेनने हाडातला मगज रक्त बनवणं बंद करू शकतो.

आता इथपर्यंत वाचलेल्या बाकीच्यांसाठी. तुमचं जनावर ज्युलीसारखं नसेल तर वरचं जसंच्या तसं लावू नका.

चार महिन्यांचं मादी पिल्लू, आणल्यापासून मागची बाजू कायम ओली, मधेच नीट शूही करतं: इथे धरणाला वळसा घालून एक कालवा थेट खालच्या नदीला मिळालाय. जन्मतःच मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता पुढे मूत्रमार्गात किंवा योनीत उघडते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांच्यात जास्त दिसतं. नरातही असतं, पण कमी आणि उशिरा लक्षात येतं. लोक सहा-सहा महिने शू शिकवत बसतात आणि पिल्लाला मार खावा लागतो. नक्की करायला सीटी किंवा दुर्बीण लागते, त्यासाठी कधी मुंबई-पुणं गाठावं लागतं. शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याच पिल्लांना वरची गोळी लागतेच, हे आधी माहीत असलेलं बरं. मात्र पिल्लू फक्त तुम्ही घरी आल्यावर, वाकून हात लावायला गेल्यावर शू करत असेल तर तो आजार नव्हे. नम्रपणा आहे, किंवा आनंद. घरी आल्यावर पाच मिनिटं त्याच्याकडे लक्ष देऊ नका, मोठं झालं की बहुतेक आपोआप थांबतं.

डॅशहंड, पाठीचं दुखणं, मागचे पाय लटपट, मग लघवी: मणक्यातली चकती सरकलीय. हाही तातडीचा रुग्ण आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर गाडीने उडवलेली भटकी कुत्री येतात, तीही याच रांगेत. मज्जारज्जू वरच्या भागात दबला तर मूत्राशय टणक होतं, दाबून सहजासहजी रिकामं होत नाही. कमरेच्या टोकाशी इजा झाली तर ते मऊ पिशवीसारखं होतं आणि उचललं तरी गळतं. दोन्हीकडे दिवसातून तीन-चारदा हाताने रिकामं करायला शिकावं लागतं. ते न केल्यामुळे ताणून ताणून कायमची निकामी झालेली मूत्राशयं मी पाहिली आहेत. मणका सुधारला, मूत्राशय गेलं.

म्हातारा नर कुंथतोय, धार बारीक, मधे रक्त: प्रोस्टेट किंवा गाठ. म्हातारं कुत्रं खोलीच्या कोपऱ्यात तोंड करून उभं राहतं, रात्री उगाच फिरतं, घरातच शू करतं: तो विसराळूपणा. कधी तर फक्त सांधे दुखतात म्हणून उठून बाहेर जायचं टाळतं. त्याला लघवीची गोळी देऊन काय उपयोग, सांध्यांचं बघा.

मांजराची लघवी खरोखर गळणं कमीच. बोका वारंवार मातीत जाऊन बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग अडलेला बोका दोन दिवसांत जातो, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. शेपटी दारात अडकून किंवा ओढली जाऊन गळती लागलेल्या मांजरांत शेपटीच्या मुळाशी चिमटा काढल्यावर कळत असेल तर बरं होण्याची आशा चांगली असते.

गोठ्यातलंही सांगतो. नुकत्याच जन्मलेल्या वासराची बेंबी वाळायच्या ऐवजी ओली राहते, तिथूनच थेंब येतात: पोटात असताना मूत्राशयापासून नाळेकडे जाणारी नळी मिटलेली नाही. सांध्यांत पू जायच्या आधी दाखवा. अवघड विण्यानंतर बसून राहिलेली गाय लघवी गाळते ती मज्जातंतू चेपल्यामुळे. लासलगाव-पिंपळगाव भागात भाव पडला की सडका कांदा गुरांना घालतात. मग लघवी कॉफीसारखी होते आणि फोन येतो, “गाय रक्त गाळतेय”. ती गळती नव्हे. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तो रंग लघवीत उतरतो. गाईला हे शेळीमेंढीपेक्षा फार लवकर बाधतं. घोडेवाल्यांसाठी एक वेगळंच: हिरव्या ज्वारीवर दिवसेंदिवस चारलेल्या घोड्याचा मागचा भाग डुलू लागतो आणि लघवी पायांवरून ओघळत राहते. गुराला कोवळी ज्वारी तडकाफडकी मारते ती सायनाइडने. घोड्यात तोच घटक हळूहळू मज्जारज्जू पोखरतो, असं मानतात.

आणि गाय किंवा म्हैस कुंथतेय, शेपूट लुळी, लघवी थेंब थेंब, तोंडातून लाळ, घास गिळवत नाही, हंबरणं घोगरं झालंय: घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं गेल्या काही महिन्यांत चावलं असेल आणि तुम्हाला माहीतही नसेल. लांब राहा, बांधून ठेवा, डॉक्टरांना फोनवरच लक्षणं सांगा. लाळ आधीच अंगाला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

परत ज्युली. औषध ठरेपर्यंत तिची मागची बाजू दिवसातून दोनदा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा, लांब केस कापून टाका. ओल्या केसांवर माश्या बसतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या पडलेल्या मी कितीतरी पाहिल्यात. गादीवर प्लॅस्टिक, वर लहान बाळाच्या दुपट्यासारखं शोषणारं कापड. डायपर घातला तर दर तीन-चार तासांनी बदला. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे उठल्या उठल्या फिरवा. लघवी साफ करताना हातमोजे घाला, लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो. तिची त्याची लस दरवर्षी झालीय का ते कार्डावर बघा.

येताना पाण्याची तीन दिवसांची नोंद आणा. झोपेतल्या गळतीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, शू करतानाचाही. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून, स्वच्छ धुतलेल्या पळीत धरा आणि नव्या कोऱ्या डबीत घाला. तासाभरात पोचता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. नमुना धरून झाला की तिला आत घ्या, निघण्याआधी परत फिरवू नका. मला तिचं भरलेलं मूत्राशय चाचपायचंय, मग दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत तिला मोकळं होऊ देऊ आणि परत बघू.

आणि बोकडाची धार सुटली का, ते आधी कळवा.